उठून जायचं नसतं

नाशिकरोड,
गुरुवार, दुपार

प्रिय वेदू,

हे फोनवर सांगता आलं असतं तर मी कागद घेऊन बसलेच नसते. पण आपला फोन हल्ली कसा होतो ते तुला ठाऊक आहे. मी विचारते, जेवलीस का. तू म्हणतेस, हो आई, मीटिंगमध्ये आहे. आणि फोन ठेवल्यावर दोघींनाही सुटल्यासारखं वाटतं. एकाच शहरात राहून दिवाळीपासून आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. लोकांच्या लेकी अमेरिकेत असतात, त्या जास्त भेटतात. असो. भांडण उकरून काढायला मी लिहीत नाहीये, तेवढी ताकदही उरलेली नाही. येत्या सोमवारी मला चार माणसांत उभं राहून एक गाणं म्हणायचंय, आणि ते म्हणावं की न म्हणावं, याचा निकाल माझ्याच्यानं लागत नाहीये. तुझे बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. ते ‘तुला काय वाटतं?’ म्हणाले असते आणि पेपर तोंडासमोर धरला असता, पण विचारल्याचं समाधान तरी मिळालं असतं. आता विचारायला तूच उरलीस, आणि नेमकं तुलाच विचारणं अवघड आहे. का, ते पुढं येईलच.

मी दमलेय गं. हे वाक्य मी कुणापुढे म्हणत नाही, कारण बाई दमल्या म्हटलं की लोक लगेच खुर्ची देतात आणि काम काढून घेतात. कॉलेजातलं हे माझं शेवटचं वर्ष. संगीताची खोली वरच्या मजल्यावर, मोडकी बाकं ठेवायचे तिथंच. जिना चढून गेलं की पहिली पाच मिनिटं मी काही शिकवत नाही, नुसता श्वास घेते; पोरांना वाटतं, बाई ध्यान लावतात. पेटीचा भाता फाटलाय, त्याला चिकटपट्टी लावलीय. पंख्याला दोनच वेग आहेत, बंद आणि वादळ. नव्या धोरणात प्रत्येकाला आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो, म्हणून ‘संगीत आणि समाजपरिवर्तन’ नावाचं एक लचांड माझ्या गळ्यात आलं. प्राचार्यांना वाटलं, शैला मॅडम तरुणपणी कलापथकात होत्या, मोर्च्यांतून गायल्या, त्यांच्याशिवाय कोण शिकवणार? पोरांना वाटलं, गाण्याचा विषय म्हणजे लिहायला कमी. अशा दोन गैरसमजांवर माझा वर्ग भरला, आणि तोही दुपारी डबा खाल्ल्यावरचा.

सुरुवातीला मी आपलं नेहमीचं केलं. गाण्यानं लोक कसे जागे झाले, गिरण्यांत काय गायलं, गावकुसाबाहेर काय गायलं, बायांनी जात्यावर काय काय बोलून घेतलं. डफ घेऊन म्हणूनही दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. मागच्या बाकावर एक जण तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि मी अगदी पेटून उठा-बिठाच्या सुरात होते. एकलहऱ्याचा रविराज आहे, सभ्य मुलगा, त्यानं तास संपल्यावर विचारलं, मॅडम, हे सगळं परीक्षेला येणार का? मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, मी यांना उत्तरपत्रिकेत लिहायला क्रांती देतेय. तुझ्या लहानपणी मी अशी नव्हते ना गं? की तेव्हाही अशीच होते आणि समोरचे लोक फक्त जास्त जागे होते?

मग एके दिवशी कंटाळूनच मी म्हटलं, आज व्याख्यान नाही. जा, आणि आपल्या घरचा एक आवाज फोनवर घेऊन या. गाणं नको, भाषण नको, आवाज. पुढच्या तासाला पोरं पहिल्यांदा वेळेवर आली. रविराजनं वीज केंद्राचा भोंगा आणला होता. तो मी त्याला पुन्हा एकदा लावायला सांगितला. त्या भोंग्यावर आपण तुझ्या बाबांचा डबा भरायचो. येवल्याच्या योगेशनं मागाचा आवाज आणला, त्याचे वडील पैठणी विणतात. त्या खटखटीवर त्यानं बाकावर असा ठेका धरला की झोपाळू मंडळीसुद्धा माना हलवू लागली. आणि मग ललितानं तिचा फोन टेबलावर ठेवला.

ललिता इगतपुरीकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. वसतिगृहात राहते, बोलते कमी, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. तिच्या फोनमधून आधी नुसती घरघर आली, मग आतून काहीतरी धपकन आपटल्यासारखं, मग लांबलचक खळखळ. कुणी म्हणालं धबधबा, कुणी म्हणालं भाताची गिरणी, कुणी तर म्हणालं तिच्या आजोबांचं पोट. सगळे हसले. ललिताही हसली. म्हणाली, ही पाइपलाइन आहे. धरणातून निघते, आमच्या उंबरदऱ्याच्या पाड्याच्या अंगावरून वर डोंगरावरच्या रिसॉर्टांना जाते. पाड्याच्या कडेला तिच्या व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण आहे. उन्हाळ्यात ते गार लागतं म्हणून पोरं त्यावर पोट टेकून झोपतात आणि पाणी जाताना ऐकतात. पाड्याला नळ नाही. बाया खाली ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरतात. हे सगळं ती आजच्या भाजीला काय केलं ते सांगावं तशा आवाजात सांगत होती. वर्गात पंख्याचं वादळ तेवढं चालू होतं.

आता तू हे वाचताना कपाळाला आठी घातली असशील. थांब, पुढं वाच.

पोरंच म्हणाली, मॅडम, यावर गाणं करू. मी म्हटलं करा, पण माझ्या जमान्यातल्या चालीत नको, मला त्यांचा वीट आलाय. तेव्हा ललितानं सांगितलं की त्यांच्या पाड्यावर लग्नात ‘बोल लावतात’. विहिणीची चेष्टा करणारी गाणी आपल्याकडेही होती, पण आपल्यात ती हसण्यावारी जातात. उंबरदऱ्यात तसं नाही. जेवणाआधी मुलाच्या आईला पाटावर बसवतात, आणि मुलीकडच्या बाया तिच्या तोंडावर, तिचं नाव घेऊन, तिची सगळी उणीदुणी गाऊन काढतात. मानपानात कुठं हात आखडला, पोरीला पाहायला आली तेव्हा काय बोलली, सगळं. तिनं शेवटपर्यंत बसून ऐकायचं. उत्तर द्यायचं तर गाण्यातच द्यायचं. पण उठून जायचं नाही. ती उठली की सोयरीक मोडली. आणि गाणं संपलं की तिनं आपल्या हातानं गाणाऱ्या बायांना गूळ आणि पाणी द्यायचं, मग कुणी कुणाचं काही मनात ठेवायचं नाही. योगेश ओरडलाच, आयला, म्हणजे साहेबांना बोल लावले तर त्यांना पाणी द्यावंच लागेल! अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. खरं सांगते वेदू, कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर काटा आला. मी त्या विषयाचं पुस्तक मिटलं ते आजतागायत उघडलेलं नाही.

गाणं त्यांनीच रचलं. पाइपातल्या त्या धपक्यावर योगेशनं ठेका बसवला, कडवी ललितानं आणि तिच्या आजीनं मिळून जुळवली. आजी म्हणजे चिमणाबाई. पाड्यावरची बोल लावणारी तीच, पंचक्रोशीतून तिला लग्नाची बोलावणी येतात. अगं, काय तोरा तिचा! पाड्यावर माझी पेटी ऐकून म्हणाली, ह्ये खोकं लय कुरकुर करतंय, ठेव बाजूला. मिश्री लावता लावता चार कडवी झाली. पहिलं असं आहे:

आली आली विहीणबाई, पाटावरती बसली गं
दारावरनं गंगा नेली, हिला नाही दिसली गं

चाल अशी की ऐकणाऱ्याला हसू आवरू नये आणि हसल्यावर आपलंच आपल्याला बोचावं. माझ्या कलापथकातल्या एकाही गाण्याला ते जमलं नव्हतं. आमची गाणी ऐकून लोक मुठी आवळायचे, हसायचे कधीच नाहीत.

पहिल्यांदा ते गायलं गेलं संक्रांतीनंतर, तालुक्याच्या एका कचेरीत. पाड्यावरच्या बाया निवेदन द्यायला गेल्या होत्या, बरोबर आमची पोरं. साहेबाला खुर्चीसह बाहेर आणून बसवलं, तोही बिचारा फोटोबिटो असेल म्हणून बसला. चिमणाबाईनं पदर खोचून सुरुवात केली. पहिल्या कडव्याला साहेब हसले. दुसऱ्यात त्यांचं नाव आलं तसे उठले, काय तमाशा लावलाय म्हणाले, आणि गाडीत बसून निघून गेले. पोरांनी नुसता जल्लोष केला. साहेब पळाला, साहेब पळाला! त्याचा व्हिडिओ कुठल्या कुठं गेला, तू पाहिलाही असशील. वर्गात दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. आणि चिमणाबाई मात्र तिथंच कचेरीच्या पायरीवर बसून राहिली होती. खोचलेला पदर सोडला आणि म्हणाली, पळाला म्हंजी ऐकलं नाय ना. सोयरीक मोडली. आता म्या कोना साहेबापुढं गानार नाय, समदे एकाच घरचे. पोरांनी तिची मनधरणी केली, साडी देऊ केली, मोबाइलवर तिचाच व्हिडिओ दाखवला. ती एसटीत बसून वाटभर कंडक्टरशी भांडत घरी गेली.

त्या दिवसापासून मला काही सुचत नाही. कारण आमच्या वेळी आम्हीही हेच केलं. टेंपोच्या हौद्यात उभं राहून गायचो, तू पोटात असतानासुद्धा गायले, आणि साहेब उठून गेला, पुढारी उठून गेला की आम्हाला वाटायचं जिंकलो. परतीच्या वाटेवर भजी खायचो. कुणी बसून ऐकलंय, असं आठवायला गेले तर मोजकेच चेहरे आठवतात, आणि ते आपलेच लोक होते, ज्यांना सगळं आधीच माहीत होतं. चिमणाबाईशी मी भांडलेही मनातल्या मनात. म्हटलं, म्हातारे, तुझ्या पाड्याचे नियम साहेबाला कुठून ठाऊक असणार? पण तिचं म्हणणं काही डोक्यातून जाईना. माणसाला उठवून लावणं सोपं असतं गं. बसवून ठेवणं मला आयुष्यभर जमलं नाही, घरातसुद्धा नाही.

घरातसुद्धा म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. दिवाळीत फराळाच्या ताटावरून तू उठलीस. मी फक्त विचारलं होतं की डोंगरावरच्या पोहण्याच्या तलावांना आधी पाणी आणि पाड्यांना मागनं, असं कसं? तू म्हणालीस, आई, गाण्यानं पाइप टाकला जात नाही, पाइप टाकायला पाइपच लागतो. खरंय तुझं. तू समजावून सांगितलंस की भरल्या दाबाच्या लाइनला मधेच तोटी बसवता येत नाही, पाड्यांसाठी वेगळी टाकी दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि दुसरा टप्पा मंजुरीत अडकलाय. तू खोटं बोलत नाहीस आणि कुणाकडून चहासुद्धा घेत नाहीस, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. तुझ्या हाताखाली जी कामं झाली ती पक्की झाली. पण मी पुढं बोलले, मोर्च्यातल्या आवाजात बोलले, आणि तू चिवडा तसाच ठेवून चपला घातल्यास. तू गेल्यावर मी ते ताट तसंच झाकून ठेवलं होतं, येडी कुठली. कॉलनीत पोरं तुला मोर्चेवाली म्हणून चिडवायची, तेव्हा तू रडत घरी यायचीस आणि मी म्हणायचे, अभिमान बाळग. एकदा जवळ घेऊन गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

तर पोरं काही गप्प बसली नाहीत. तालुक्याला पळाला तर जिल्ह्याला जाऊ म्हणाली. पाइपलाइनचं काम ज्या ऑफिसातून चालतं तिथल्या मोठ्या मॅडमची सोमवारची वेळ त्यांनी रीतसर मागून घेतली. चिमणाबाई हलेना, मग पुढं होऊन गाणार कोण? तिनंच निरोप धाडला: बोल लावणारी लेकीची आई असावी लागते, पोरीपोरींचं काम न्हवं. तुमची मास्तरीण गाऊ द्या, तिला तोंड हाय. झालं, सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. ललितानं विचारलं, मॅडम, तुम्हाला मुलगी आहे ना? मी म्हटलं, आहे. काय करते? मी म्हटलं, नोकरी करते. बस्स, तेवढंच बोलले मी. त्यांना तुझं सासरचं आडनाव माहीत आहे, कॉलेजात माझं माहेरचंच चालतं, कुणाला कसं कळावं? ती मोठी मॅडम म्हणजे तू आहेस हे वर्गात कुणालाही ठाऊक नाही, आणि मी सांगितलेलं नाही.

आता शेवटचं कडवं ऐक. ते नवीन आहे, मोठ्या मॅडमसाठी ललितानं मुद्दाम रचलंय, कारण पाड्यावर शेवटचा बोल नेहमी विहिणीच्या आईला लावतात.

कुणाची ही लेक बाई, कुण्या आईनं वाढवली गं
भरला हंडा दाखवला, तहान नाही दाखवली गं

तिनं हे म्हणून दाखवलं आणि विचारलं, कसं झालंय मॅडम? मी म्हटलं, ‘तहान’वर सूर वर नेऊ नकोस, खाली उतर, जास्त लागेल. बघ, शिकवणं कसं हाडात मुरतं! मेल्या शिक्षकाचासुद्धा हात उठून चूक दुरुस्त करील. घरी येऊन मात्र मी चहा न करताच खुर्चीत बसले. मला लागलं गं. फार लागलं. रागही आला त्या पोरीचा, म्हटलं, तुला काय माहीत तिच्या आईनं काय दाखवलं? हिला पाठीशी बांधून हिंडले, हिला वस्त्या दाखवल्या. आणि मग कॉलनी आठवली. आपल्या एकलहऱ्याच्या कॉलनीत पाणी कधी गेलंच नाही. वरची टाकी वाहायची आणि मी जिना धुऊन काढायचे. तहानेची गाणी शिकवली मी तुला, पाठ करून घेतली. तहान मला तरी कुठं माहीत होती? एवढं म्हणून मी रडले, आणि मग उठून चहा केला.

त्या कडव्यात आईचं खरं नाव घालावं लागतं, ‘कुणाची’ हा शब्द तात्पुरता आहे. तेव्हापासून पोरं मोठ्या मॅडमच्या आईचं नाव शोधताहेत. रविराज फेसबुक उपसतोय. काल योगेश तुझ्या ऑफिसातल्या कुणालातरी विचारून आला, त्यानं याला हाकलून दिलं. मी टेबलावरची धूळ पुसत उभी होते.

प्राचार्यांना मात्र आपलं नातं माहीत आहे. त्यांनी मंगळवारी बोलावून घेतलं, स्वतःच्या हातानं दार लावलं. मॅडम, आपलेच दात आपलेच ओठ, म्हणाले. सोमवारी रजा टाका, तब्येतीचं कारण द्या, पोरं आपोआप थंड होतील. त्यात धमकी नव्हती, माणूस भला आहे. आणि खरं सांगू? मला मोह झाला. गुडघा तर दुखतोच आहे, खोटं बोलावंही लागणार नाही. घरी पडून राहीन, तू मॅडम म्हणून त्यांना नियम समजावून सांगशील, ती निमूट परत येतील, जून उजाडेपर्यंत मी निवृत्त. तुझी माझी फोनवरची ‘जेवलीस का’ चालू राहील. दोन दिवस मी ह्याच विचारात काढले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण मग ललिता त्या ऑफिसात एकटी पुढं होऊन गाईल, लेकीची आई नसताना गाईल, आणि तुला वाटेल ही कॉलेजची पोरं रील बनवायला आलीत. तू उठशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तो माझाच आहे. पोरं पुन्हा पेढे वाटतील. आणि पाड्यावरच्या त्या झाकणाला कान लावून पोरं पाणी ऐकत राहतील, यंदा होळीनंतर तर झिराही लवकर आटणार म्हणतात.

म्हणून हे पत्र, वेदू. उद्या सकाळी मी स्वतः येऊन तुझ्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे ते ठेवून जाईन, वर येणार नाही. सोमवारी उंबरदऱ्याच्या बाया निवेदन द्यायला येणार, एवढंच तुमच्याकडे कळवलेलं आहे. त्यांच्या पुढं मी असेन, हे तुला दारात कळायला नको. शनिवारी सरावाला मी पोरांना सांगणार आहे की त्या आईचं नाव शोधत बसू नका, तिचं नाव शैला. मग त्यांना माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटो. शैलाची ही लेक बाई, शैलानं वाढवली गं, असं मी तुझ्यासमोर, तुझ्या हाताखालच्या माणसांसमोर म्हणणार आहे. तुला लाज वाटेल, संताप येईल, येऊ दे, तो गिळू नकोस. पाणी सोड, असं मी आई म्हणून तुला सांगणार नाही; तुझं काम तुला कळतं, त्यात काय होतं आणि काय होत नाही ते तू त्या बायांना सांग. पाड्यावर विहिणीला उत्तर द्यायचा हक्क असतो, तुझा सूर लहानपणी माझ्यापेक्षा पक्का होता. माझं मागणं एकच आहे. उठून जाऊ नकोस. शेवटचं कडवं होईपर्यंत बस. आणि झालं की शिपायाला हाक मारू नकोस, स्वतः उठ आणि आपल्या हातानं पाणी दे. पहिला पेला ललिताला दे. मला सगळ्यांत शेवटी दिलास तरी चालेल.

सोमवारीसुद्धा तुझीच,
आई